घर बदललं, ब्राउनी सोबत आली: पुण्यातल्या एका भाडेकरू कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण का निवडलं

'आमचं कुत्रं कुठे ठेवता येईल का?' असे फोन आमच्या स्वयंसेवक गटाकडे वर्षभर येतात. एप्रिल ते जून या दिवसांत मात्र त्यांतलं एक कारण वारंवार कानावर पडतं: भाड्याचं घर बदलतोय आणि नव्या घरमालकाला प्राणी चालत नाही. परीक्षा संपतात, अकरा महिन्यांचे करार संपतात, बदल्यांचे आदेश निघतात, आणि टेम्पोत सामान भरताना कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न शेवटी उरतो.

ब्राउनी या कुत्रीच्या प्रकरणात प्राण्याच्या बाजूनं काहीच बिघडलं नव्हतं. ती आजारी नव्हती, कुणाला चावली नव्हती, घरातलं कुणी तिला कंटाळलं नव्हतं. तरीही ती रस्त्यावर येण्यापासून जेमतेम पंधरा दिवस दूर होती. माणसं निर्दय असतात म्हणून प्राणी सोडून देतात, ही समजूत किती अपुरी आहे हे या प्रकरणात लख्ख दिसतं. कुटुंबाच्या संमतीनं लिहितो आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कुत्रीचं नावही दुसरं दिलं आहे.

पार्श्वभूमी

सिंहगड रस्त्याच्या भागात दोन खोल्या-किचनच्या फ्लॅटमध्ये राहणारं चार माणसांचं कुटुंब. नवरा-बायकोला इथे दादा आणि ताई म्हणतो. दादा चाकणच्या एका कारखान्यात, कंपनीच्या बसनं जाणारे, पाळीनुसार काम. ताई एका क्लिनिकमध्ये अर्धवेळ रिसेप्शनवर. मुलगी पाचवीतून सहावीत गेलेली. दादांची आई घरीच असायची. ब्राउनी आठ वर्षांची देशी कुत्री, पिल्लू असताना पावसात पार्किंगमध्ये सापडलेली. वर्षाची असताना नसबंदी झालेली, दरवर्षी रेबीजची लस, मागच्या पायांत अलीकडे थोडा ताठरपणा. सकाळचं फिरवणं आजींकडे, रात्रीचं दादांकडे. दिवसभर घरात कुणी ना कुणी असल्यामुळे तिला एकटं राहायची सवयच नव्हती. या गोष्टीनं पुढे त्रास दिला, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

या घरात त्यांची चार वर्षं गेली होती. करार दर अकरा महिन्यांनी नवा होत असे. कुत्री आहे हे घरमालकांना ठाऊक होतं, त्यांची हरकत नव्हती, पण करारात त्याबद्दल एक शब्दही नव्हता. एप्रिलच्या सुरुवातीला मालकांचा फोन आला: मुलगा बंगळूरहून कुटुंबासह परत येतोय, ३१ मे रोजी करार संपतोय, तेव्हा घर रिकामं करून द्या. मागणी रास्त होती. मुदतही नियमाला धरून होती.

अडचण

मुलीची शाळा बदलायची नाही, दादांच्या बसचा थांबा फार लांब जाऊ द्यायचा नाही, भाडं बावीस हजारांच्या वर झेपणार नाही. या तीन अटींत बसणारी घरं त्या भागात मिळतात. चौथी अट सांगितली की मिळत नाहीत.

पहिले तीन आठवडे एजंटांच्या मागे गेले. फोनवर सगळं जुळायचं, शाकाहारी-मांसाहारीचा प्रश्न निघायचा, दादा कुठे कामाला आहेत ते विचारलं जायचं आणि शेवटी 'पेट आहे का?' हो म्हटलं की आवाज बदलायचा. मिळालेली उत्तरं ताईंनी एका वहीत लिहून ठेवली होती आणि ती वही पुढे फार उपयोगी पडली. 'सोसायटीत चालत नाही.' 'मागच्या भाडेकरूच्या कुत्र्यानं दारं कुरतडली.' 'वास बसतो, पुढचा भाडेकरू मिळत नाही.' 'देवघर आहे.' एका मालकानं होकार दिला, पण भाडं पाच हजारांनी वाढवून.

दोन एजंटांनी वेगळाच सल्ला दिला: 'आधी सांगूच नका. राहायला गेल्यावर कोण बघतंय?'

मे महिन्याच्या मध्यावर ताईंनी आम्हाला फोन केला. त्यांचा प्रश्न एकच होता: 'शेल्टरमध्ये जागा आहे का?'

पहिला निर्णय: फोनवर काय विचारायचं

शेल्टरला जागा आहे का, या प्रश्नाचं सरळ उत्तर 'नाही' असं आहे. शहरातली शेल्टरं अपघातात सापडलेल्या, आजारी, अंध, म्हाताऱ्या रस्त्यावरच्या प्राण्यांनी भरलेली असतात. 'नाही' म्हणून फोन ठेवला, तर त्यानंतरचे पंधरा दिवस त्या कुटुंबाला एकट्यानं काढावे लागतात आणि त्याच पंधरा दिवसांत नको ते निर्णय होतात. म्हणून आमच्याकडे उलट प्रश्न विचारायची पद्धत आहे: 'घर मिळालं, तर ब्राउनीला सोबत ठेवाल का?'

ताई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग रडू लागल्या. 'ठेवायचीच आहे हो. पण घर कोण देतंय?'

इथून पुढे प्रकरणाचं स्वरूप पालटलं. आता अडचण घराची आहे असं धरून पुढची सगळी मेहनत त्या दिशेनं झाली. दत्तक देण्याची जाहिरात आम्ही त्या दिवशी लिहिली नाही.

समोर असलेले पर्याय

कुटुंबासोबत बसून आम्ही प्रत्येक पर्याय बोलून घेतला. यातले काही त्यांच्या नातेवाइकांनी सुचवलेले होते आणि प्रत्येकामागे चांगलीच भावना होती.

*गावी पाठवणं.* ताईंच्या भावाचा जुन्नर तालुक्यात मळा आहे. 'इकडे आण, मोकळी हिंडेल,' असं तो मनापासून म्हणत होता. शहरातल्या माणसाला शेत म्हणजे कुत्र्याचा स्वर्ग वाटतो. पण जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीवरून झालेल्या अभ्यासात त्याच्या आहारात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा निघाला होता. तिथे वाढलेली कुत्री रात्री कुठे बसायचं हे शिकलेली असतात. आठ वर्षं फ्लॅटमध्ये झोपलेली, पाय आखडलेली कुत्री हे शिकणार कधी? तिला वाचवायचं तर कायम साखळीला बांधावं लागलं असतं. भावाला हे सांगितल्यावर त्यानंच आपणहून माघार घेतली.

*दत्तक देणं.* आठ वर्षांची देशी मादी. पिल्लांनाही घरं मिळत नाहीत तिथे हिच्यासाठी पंधरा दिवसांत खात्रीचं घर शोधणं म्हणजे कुणाच्या तरी हाती सोपवून डोळे मिटणं. हा पर्याय आम्ही शेवटासाठी राखून ठेवला.

*बोर्डिंग.* दिवसाला पाच-सहाशे रुपये. महिन्याचा हिशोब मांडला तर जवळजवळ दुसऱ्या घराचं भाडं. थोड्या दिवसांसाठी ठीक, कायमचा मार्ग नाही.

*लपवून नेणं.* एजंटांनी सुचवलेला हा मार्ग दादांना सोपा वाटत होता. कुत्रा लपत नाही, हे एक. दुसरं असं की फसवणूक उघड झाली की घरमालकाचा विश्वास जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तीच वेळ येते, या वेळी डिपॉझिट अडकलेलं असताना. आमच्याकडे येणाऱ्या फोनांत असे लपवून नेलेले प्राणी बरेच असतात.

*आहे तिथेच ठेवणं.* याच्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. सुचवलं शेजाऱ्यांनी. 'देशी तर आहे. वॉचमन ओळखतो. गेटवर खायला घालणाऱ्या बाई आहेत, त्या बघतील. तुम्ही अधूनमधून भेटायला या.' ऐकायला हे सोडून देणं वाटतच नाही. ओळखीची जागा, ओळखीची माणसं. दादांचं मन या पर्यायाकडे झुकलं होतं, कारण यात कुणाशी भांडण नव्हतं आणि पैसेही लागत नव्हते.

पण गेटबाहेर राहणाऱ्या कुत्र्यांची आपली हद्द असते. घरातून बाहेर आलेली कुत्री त्यांना आपली वाटत नाही, ते तिला हाकलतात, चावतात. ब्राउनी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी त्याच दारातून आत गेलेली. ते दार बंद दिसल्यावर ती तिथेच बसून राहणार, आणि आतला नवा रहिवासी तिला ओळखत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार वाजवी कारणाशिवाय, उपासमार किंवा तहानेनं हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाचा कुणाला धाक वाटत नाही, आणि आम्हीही या घरात कायद्याचा धाक घातला नाही. आजींना मात्र सगळं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग मी पण इथंच राहते पार्किंगमध्ये.' तो पर्याय तिथेच संपला.

उरला एकच मार्ग: ब्राउनीला घेऊ देणारा घरमालक शोधणं, किंवा न देणाऱ्याला तयार करणं.

काय केलं

आधी ताईंची वही उघडली. घरमालकांची कारणं वेगवेगळी दिसत होती, पण निम्म्याहून अधिक वेळा मूळ भीती सोसायटीची किंवा नुकसानीची होती. कुत्र्यांचा तिटकारा म्हणून नाही म्हणणारे थोडेच होते. भीती आहे म्हटल्यावर ती कमी करता येते.

मग ब्राउनीची फाईल तयार केली. लसीकरणाचं पुस्तक, नसबंदीचा दाखला, पशुवैद्यकांचं चार ओळींचं पत्र, सध्याच्या घरमालकांचं पत्र (चार वर्षांत घराचं नुकसान नाही, तक्रार नाही), शेजारच्या काकूंचं पत्र आणि आताच्या फ्लॅटच्या दारांचे, भिंतींचे, सोफ्याचे फोटो. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना काढलेला नव्हता, तो काढला. लहानसा कागद, पण सोसायटीसमोर बोलताना त्यानं वजन आलं. नियम पाळणारं कुटुंब आहे हे तोंडानं सांगावं लागलं नाही.

एजंटांना फोन करण्याची पद्धतही बदलली. आधी घर आवडल्यावर शेवटी 'कुत्रा आहे' असं सांगितलं जायचं. आता पहिल्याच वाक्यात सांगायचं आणि लगेच फाईल पाठवायची. नकार लवकर येऊ लागले, पण एकेका घरावर दोन-दोन दिवस जाणं थांबलं. धायरीतल्या एका एजंटनं फाईल बघून स्वतः फोन केला: 'एक रिटायर्ड काका आहेत, त्यांना दाखवू का?'

हे काका बँकेतून निवृत्त झालेले, त्याच परिसरात दुसऱ्या इमारतीत राहणारे. त्यांनी एक अट घातली: आधी कुत्री बघणार. ब्राउनीला घेऊन दादा आणि आजी त्यांच्याकडे गेले. ती अर्धा तास आजींच्या पायाशी बसून राहिली. काकांची हरकत तिथे मिटली, पण काकूंनी खरा प्रश्न काढला: 'आमचं काही नाही हो. पण आमच्या सोसायटीच्या बोर्डावर लिहिलंय, भाडेकरूंना प्राणी ठेवण्यास मनाई.'

दुसरा निर्णय: सोसायटीशी भांडायचं की बोलायचं

इथे कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेणं गरजेचं होतं, कारण याच ठिकाणी बहुतेकांचा गोंधळ होतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, मग बहुमतानं ठराव केला तरी. कुत्र्याच्या आकारावरून किंवा जातीवरून भेद करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वेगळं शुल्क लावता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये निवासी संघटनांच्या उपविधींतल्या अशा बंदीच्या अटी बेकायदा ठरवल्या. तो निकाल महाराष्ट्रात थेट लागू होत नाही, पण दाखला म्हणून पुढे ठेवता येतो.

हे सगळं सोसायटीच्या विरोधात उपयोगी आहे. घरमालकाच्या विरोधात नाही. आपला फ्लॅट कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही हे मालक ठरवतो आणि प्राणी असलेल्या भाडेकरूला घर नाकारू नये असं महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगत नाही. म्हणजे घर स्वतःच्या मालकीचं असलेल्या माणसाला मंडळाच्या सूचनांचा जेवढा आधार मिळतो, तेवढा भाडेकरूला मिळत नाही. त्याला आधी मालकाला आपल्या बाजूला घ्यावं लागतं आणि मग दोघांनी मिळून सोसायटीपुढे जावं लागतं. कायद्याची कात्रणं घेऊन मालकालाच दटावायला गेलेली कुटुंबं आम्ही पाहिली आहेत. मालक दटावला जात नाही, तो दुसरा भाडेकरू बघतो.

दादांच्या एका मित्रानं वकिलाची नोटीस पाठवायला सांगितलं होतं. नोटीस बरोबर ठरली असती, पण त्याच कमिटीच्या माणसांसोबत रोज लिफ्टमध्ये उभं राहायचं होतं. काकांचाही त्या सोसायटीत वीस वर्षांचा संबंध. म्हणून ठरलं की काकांनी सभासद म्हणून सेक्रेटरींना भेटायचं, सोबत दादा, हातात फाईल आणि मंडळाच्या सूचनांची मराठीत लिहिलेली एक पानाची टिपणी.

सेक्रेटरी भले गृहस्थ होते. ही मनाई का आली ते त्यांनी सांगितलं: पूर्वी एका भाडेकरूनं दोन कुत्री गॅलरीत बांधून ठेवली होती, घाण खालच्या मजल्यावर यायची, तो मधेच घर सोडून गेला आणि कुत्री पार्किंगमध्ये टाकून गेला. त्यातलं एक पुढे गाडीखाली आलं. म्हणजे ज्या नियमामुळे ब्राउनीला घर मिळत नव्हतं, तो नियम असाच एक प्राणी टाकून दिल्यामुळे जन्माला आला होता. बंदीमुळे प्राणी टाकले जातात आणि टाकलेल्या प्राण्यांमुळे बंदी येते, हे त्या खोलीत सगळ्यांच्या ध्यानात आलं.

तडजोड म्हणून कमिटीनं महिन्याला पाचशे रुपये 'पेट चार्ज' मागितला. दादा लगेच तयार झाले, त्यांना विषय मिटवायचा होता. काकांनी थांबवलं. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. ते म्हणाले, 'पावती कशाची फाडणार? भाडेकरू ठेवलाय म्हणून बिनभोगवटा शुल्क मी भरतोच, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं. हे पाचशे कुठल्या खात्यात घालणार?' सेक्रेटरींकडे उत्तर नव्हतं. आमच्या मते हा या प्रकरणातला फार मोलाचा क्षण. ते पाचशे रुपये एकदा सुरू झाले असते, तर पुढच्या प्रत्येक भाडेकरूसाठी तोच दर पडला असता.

शेवटी कुटुंबानं स्वतःहून लिहून दिलं: आवारात पट्टा लावूनच नेऊ, घाण उचलू, गॅलरीत बांधणार नाही, घर सोडताना कुत्रीला सोबत नेऊ. शेवटची ओळ सेक्रेटरींनी दोनदा वाचली.

तिसरा निर्णय: तोंडी होकार की करारातलं कलम

सगळं जुळल्यावर एजंटनं करार पाठवला. त्याच्या नेहमीच्या मसुद्यात सतरावं कलम होतं: 'भाडेकरू सदर जागेत कोणताही प्राणी पाळणार नाही.' एजंट म्हणाला, 'राहू द्या, काका हो म्हणालेत ना.' दादाही सही करायला निघाले होते.

इथे आम्ही आग्रह धरला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असून नोंदवलेला असावा लागतो, आणि त्यात जे लिहिलं तेच नंतर पुरावा म्हणून उभं राहतं. उद्या काका नसले, फ्लॅट मुलाच्या हाती गेला किंवा सोसायटीनं दबाव आणला, तर तोंडी होकाराला अर्थ उरत नाही. जुन्या घरात चार वर्षं चांगली गेली, पण तिथेही लिहिलेलं काही नव्हतंच.

सतरावं कलम काढून त्या जागी हे आलं:

'भाडेकरूच्या कुटुंबासोबत एक पाळीव कुत्री (देशी, मादी, वय ८ वर्षे, नसबंदी व रेबीज लसीकरण झालेली, महापालिकेचा परवाना असलेली) राहील व त्यास घरमालकांची संमती आहे. तिच्यामुळे जागेचे नुकसान झाल्यास ते भाडेकरू भरून देईल व त्यापोटी अनामत रकमेतील ₹१०,००० राखीव समजले जातील. तिच्याबाबत तक्रार आल्यास ती लेखी कळवून सुधारणेसाठी १५ दिवस दिले जातील. केवळ कुत्री ठेवल्याच्या कारणावरून करार मुदतीपूर्वी संपवता येणार नाही. मुदत संपताना करार पुढे न्यायचा नसल्यास ६० दिवस आधी लेखी कळवले जाईल.'

डिपॉझिट साठ हजार ठरलं होतं, ते सत्तर झालं. रक्कम वाढली की मुद्रांक शुल्क वाढेल, असं एजंट म्हणत होता. डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरून त्याच्यासह एकूण भाड्यावर पाव टक्का शुल्क लागतं. दहा हजारांमागे हा फरक अडीच रुपयांच्याही आत येतो. चावी घेताना दारं, चौकटी, फरशी, गॅलरी यांचे फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवले.

साठ दिवसांची ओळ आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्राणी असलेल्या कुटुंबाला घर शोधायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. तो वेळ करारातच मिळाला, तर बहुतेक फोन आमच्यापर्यंत येणारच नाहीत.

मधले दिवस

जुनं घर ३१ मे रोजी सुटलं, नवं १५ जूनला मिळणार होतं, रंगकाम बाकी होतं. कुटुंब दादांच्या मावशीकडे गेलं, तिथे कुत्रीला जागा नव्हती. आमच्या एका स्वयंसेविकेच्या घरी ब्राउनीची सोय झाली. अशा तात्पुरत्या सोयीत एक धोका असतो: प्राणी नजरेआड झाला की हळूहळू कुटुंबाचे फोन कमी होतात, 'अजून आठवडाभर ठेवता का' असं सुरू होतं आणि एक दिवस फोन उचलला जात नाही. म्हणून आधीच लिहून घेतलं होतं की औषधं आणि खाणं कुटुंबानं द्यायचं, आठवड्यातून दोनदा भेटायचं आणि १६ जूनला घेऊन जायचं. पहिले दोन दिवस ती जेवली नाही. आजी आल्या, हातानं भात-अंडं भरवलं, मग जेवू लागली. ठरल्या दिवशी तिला नेलं.

निष्पत्ती

ब्राउनी धायरीच्या घरात आहे. अकरा महिन्यांनी करार त्याच कलमासह नवा झाला, भाडं नेहमीप्रमाणे थोडं वाढलं, राखीव दहा हजारांना हात लागला नाही.

मधल्या काळात एकदा प्रकरण बिघडता बिघडता राहिलं. ऑगस्टमध्ये आजी दोन महिने गावी गेल्या. दुपारी घर रिकामं राहू लागलं आणि ब्राउनी भुंकायला, दार खरवडायला लागली. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबात तान्हं बाळ. त्यांनी सेक्रेटरींकडे तक्रार केली, सेक्रेटरींनी काकांना फोन केला. करारातले पंधरा दिवस इथे कामी आले. काकांनी लेखी कळवलं, ताईंनी क्लिनिकची वेळ बदलून घेतली, शेजारच्या इमारतीतली कॉलेजची एक मुलगी दुपारी येऊन बसू लागली, तिला महिन्याला पंधराशे रुपये. ताईंनी खालच्या बाळाच्या आईला स्वतःचा फोन नंबर दिला आणि भुंकणं ऐकू आलं की थेट मला सांगा म्हटलं. तीन आठवड्यांत ओरड थांबली. दाराची चौकट खरवडली गेली होती, ती दादांनी सुताराकडून घासून पॉलिश करून घेतली आणि काकांना फोटो पाठवला.

किंमतही मोजावी लागली. भाडं आधीपेक्षा दोन हजारांनी जास्त आहे, दादांना बसचा थांबा गाठायला वीस मिनिटं अधिक लागतात, आणि डिपॉझिटसाठी ताईंनी भिशीचे पैसे आधी उचलले. हे सगळ्या कुटुंबांना जमेल असं नाही, आणि ज्यांना जमत नाही त्यांचं प्राण्यावर प्रेम कमी असतं असंही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिले तीन आठवडे वाया गेले. मालकांचा फोन आला त्याच दिवशी कागद जमवायला घेतले असते, तर मे महिना इतका धावपळीचा गेला नसता. खरं तर लसीकरण, परवाना आणि चालू घरमालकाचं पत्र हे संकट येण्याआधीच हाताशी हवं. पत्र मालक खुशीत असताना मागावं, घर सोडताना नव्हे.

ब्राउनीला एकटं राहायची सवय नव्हती हे जूनमध्येच माहीत होतं. नव्या घरात गेल्यावर आजी असतानाच रोज थोडा थोडा वेळ तिला एकटं ठेवून सवय लावली असती, तर ऑगस्टची तक्रार टळली असती. बाहेरून आलेल्या कुटुंबाविरुद्धची पहिली तक्रार फार महाग पडते.

घरमालकांच्या बाजूनंही बरंच करण्यासारखं आहे. काकांनी जे केलं, म्हणजे आधी प्राणी बघणं, जुन्या मालकाला फोन करणं, नुकसानीची रक्कम लिहून घेणं, ते कुणालाही जमेल. सरसकट 'नाही' म्हटल्यानं प्राणी घरात येतच नाहीत असं होत नाही, ते लपून येतात आणि मग मालकाच्या हाती ना राखीव रक्कम असते ना लेखी हमी. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात भाडेकरारात घातलेलं 'प्राणी नको' हे कलम २००६ च्या कायद्यानं निरर्थक ठरतं. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्यानं भाडेकरूला प्राणी ठेवण्याची परवानगी मागण्याचा हक्क दिला आणि मालकाला विनाकारण नकार देता येणार नाही असं ठरवलं. आपल्याकडे असं काही येईपर्यंत एजंटांच्या मसुद्यातलं ते एक तयार वाक्य काढून तिथे मोकळी जागा ठेवली, तरी पुष्कळ फरक पडेल. धायरीच्या एजंटनं ते वाक्य आपल्या मसुद्यातून काढलं आहे.

सोसायटीच्या बोर्डावरची मनाई मात्र अजून तशीच आहे. ब्राउनीला मिळालेली सूट एका घरापुरती आहे, आणि त्या इमारतीत प्राणी असलेलं दुसरं कुटुंब भाड्यानं आलं तर त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागेल. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. मनाईची सूचना काढून तिच्या जागी पाळीव प्राण्यांसाठी नियम लिहावेत, असा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याचा अर्ज दिला आहे. मसुदा ताईंनी केला. भाडेकरूला त्या सभेत मत नसतं, म्हणून खाली सही काकांची आहे.